फाइल समोर आहे, तरी सापडत नाही

आळेफाट्याहून नगरकडे निघालं की बेल्हे मागे पडतं आणि गुळुंचवाडीपाशी आणे घाटाची चढण सुरू होते. तिथे कल्याण-नगर रस्ता एका नैसर्गिक पुलावरून जातो. ओढ्याच्या पाण्याने कातळ खालून कोरत कोरत आरपार नेला, वरची कमान तेवढी राहिली आणि माणसाने तिच्यावरच डांबर टाकलं. कांद्याचे ट्रक, एसटी, टोमॅटोच्या पिकअप गाड्या दिवसरात्र त्यावरून धावतात. आपण पुलावरून गेलो हे त्यांतल्या पुष्कळांच्या गावीही नसतं. मळगंगेच्या देवळाकडे खाली उतरलं तरच कमान दिसते आणि वरचा एवढा भार कशावर चाललाय ते कळतं.

संगणकावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम असाच दुसऱ्या कुणीतरी बांधलेल्या पुलावरून जात असतो. वर्गमूळ काढायचं काम गणिताच्या लायब्ररीचं, आलेख काढायचं दुसरीचं, दाबून ठेवलेली फाइल उलगडायचं तिसरीचं. तयार पॅकेज उतरवून घेणाऱ्याला हे पूल दिसत नाहीत आणि दिसायची गरजही नसते. मूळ कोड आणून आपल्याच यंत्रावर कंपाइल करायला बसलं, की मात्र ओढ्यात उतरावं लागतं. पडद्यावरून दोन-तीनशे ओळी धो धो वाहून जातात, शेवटी 'एरर २' असं काहीतरी येऊन सगळं थांबतं, आणि समोरचा माणूस मनातल्या मनात म्हणतो, आपलंच काहीतरी चुकलं.

बहुतेकदा त्याचं काही चुकलेलं नसतं. युनिक्स घराण्यातल्या यंत्रांवर एखादा नावाजलेला, वर्षानुवर्षं वापरातला कोड कंपाइल होत नाही, तेव्हा अडचण सहसा लिहिणाऱ्याचं यंत्र आणि बांधणाऱ्याचं यंत्र यांच्यामधल्या फरकात असते. तिकडे एखादी लायब्ररी होती, इकडे नाही. तिकडे कंपायलर जुना होता, इकडे नवा. एरर म्हणजे त्या फरकाचा पत्ता. पुढच्या प्रकरणांत हा पत्ता वाचायला शिकवलं आहे. तो असा विचित्र भाषेत का लिहिलेला असतो, ते आधी इथे पाहायचं आहे.

युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झालं. १९७३ मध्ये त्याचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला, आणि त्यातून एक रीत रुजली: कोड द्यायचा, बांधायचं ज्याचं त्याने. यंत्रं निरनिराळ्या कंपन्यांची, प्रोसेसर निरनिराळे. एकावरचा तयार प्रोग्राम दुसऱ्यावर चालायचा नाही, पण सी-मधला कोड थोडीफार डागडुजी करून चालवता यायचा. ही थोडीफार डागडुजी पन्नास वर्षं झाली तरी संपलेली नाही. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमनने जीसीसी हा कंपायलर मोफत खुला केला, १९९१ मध्ये लिनक्स आलं, आणि डागडुजी प्रयोगशाळांतून निघून घराघरांतल्या टेबलांवर पोचली.

जुन्नर तालुक्यात तर ती शेताच्या बांधापर्यंत पोचली. आणे पठारावरून माघारी फिरून तासाभरात नारायणगावजवळच्या खोडदला जाता येतं. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे, जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी किलोमीटरभराच्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर गावागावांच्या शिवारात पसरलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, जुन्नर-आंबेगावच्या शाळांमधली पोरं तिथे लोटतात आणि माना वर करून तबकड्या बघत राहतात.

पण या दुर्बिणीचा अर्धा भागच लोखंडाचा आहे. तीस तबकड्यांकडून येणारे संकेत एकमेकांशी जुळवल्याशिवाय आकाशाचं चित्र तयार होत नाही. हे जुळवण्याचं काम पूर्वी खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करायची. २०१० च्या सुमारास ते लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचा ताफा सॉफ्टवेअरने करू लागला, आणि पुढे दुर्बीण अद्ययावत होताना त्यात ग्राफिक्स प्रोसेसर आले. दुर्बिणीचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे, कंपाइल केलेला आहे.

निरीक्षणं घेऊन घरी परतणाऱ्याचं काम तर तिथून पुढे सुरू होतं. चित्रं बनवायला अमेरिकेतल्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेचं एआयपीएस, जे सत्तरच्या दशकाच्या शेवटी फोरट्रान भाषेत लिहायला घेतलं गेलं. स्पंदक ताऱ्यांचा, म्हणजे पल्सारचा, शोध घ्यायला स्कॉट रॅन्सम यांचं प्रेस्टो. २००४ साली एनजीसी १८५१ या तारकागुच्छात खोडदच्या दुर्बिणीला एक पल्सार सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पाच मिलिसेकंदांहूनही किंचित कमी वेळात एक गिरकी, आणि जोडीदाराभोवती १८.८ दिवसांची, लांबट अंड्यासारखी कक्षा. शोधकांच्या चमूत पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, ईश्वर चंद्र यांच्याबरोबर खुद्द रॅन्समही होते. असा तारा शोधायची इच्छा असणाऱ्या विद्यार्थ्याला आकाशाकडे पाहण्याआधी सहसा प्रेस्टो आपल्या लॅपटॉपवर उभं करावं लागतं.

आणि त्यातच त्याचा पहिला आठवडा जातो.

समजा, पुण्यातला एमएस्सीचा एक विद्यार्थी हे करायला बसला. प्रेस्टोला फूरिए रूपांतराची एक लायब्ररी लागते, एफएफटीडब्ल्यू. मुलाने तिचा कोड उतरवला, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल अशा तयारी, बांधणी आणि बसवणीच्या तीन आज्ञा दिल्या, कुठेही तक्रार नाही. मग प्रेस्टोच्या फोल्डरमध्ये जाऊन मेक मारलं. काही मिनिटांनी उत्तर आलं: कॅनॉट फाइंड डॅश-एल-एफएफटीडब्ल्यू-३-एफ. मुलाने जाऊन पाहिलं, लायब्ररी जागच्या जागी. पुन्हा इन्स्टॉल केली. पुन्हा तेच. लॅपटॉप बंद-चालू केला. तेच.

एरर मात्र पहिल्यापासून खरं सांगत होता. नावाच्या शेवटी एक 'एफ' आहे. एफएफटीडब्ल्यू काही न सांगता बांधली तर ती दुप्पट अचूकतेच्या आकड्यांसाठी बनते आणि तिच्या नावात तो 'एफ' नसतो. प्रेस्टोला एकेरी अचूकता हवी असते, कारण कोट्यवधी नमुने हाताळताना निम्मी मेमरी वाचते. म्हणजे एकाच कोडमधून दोन वेगळ्या लायब्रऱ्या निघतात, आणि मुलाने हवी ती सोडून दुसरी बांधली होती. कॉन्फिगरच्या आज्ञेला 'एनेबल फ्लोट' एवढं जोडून पुन्हा बांधलं की काम होतं. तीन तासांची झटापट एका अक्षरासाठी.

पुढचा मुक्काम पीजीप्लॉट, प्रेस्टोला तीही लागते. कॅलटेकच्या टिम पिअरसन यांची ही आलेख काढायची लायब्ररी, तिची ५.२.२ ही आवृत्ती २००१ सालची, आणि रेडिओ खगोलशास्त्रात आजही निम्मे आलेख तिच्याच जुनाट, सुबक अक्षरांत उमटतात की काय असं वाटावं इतका तिचा वावर. तिला आधी एका यादीत हवी ती साधनं निवडून द्यावी लागतात: ओळीच्या सुरुवातीचं उद्गारचिन्ह पुसलं की ते साधन चालू. मुलाने पीएनजी चित्रांची ओळ चालू केली, मेक मारलं, आणि पीएनजीची हेडर फाइल बनवायचा नियमच नाही, सबब थांबतो, असं उत्तर आलं. हेडर तर यंत्रावर होती! फक्त ती यंत्रणेच्या नेहमीच्या जागी होती, आणि पीजीप्लॉटने तयार केलेल्या मेकफाइलमधली, म्हणजे मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलमधली, एक ओळ ती चालू फोल्डरमध्येच शोधत होती. या दुखण्याचा इलाज पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलाय: मेकफाइल उघडायची, 'पीएनड्राइव्ह' नावाने सुरू होणारी ती अवलंबित्वाची ओळ सरळ काढून टाकायची. आजीच्या बटव्यातल्या औषधासारखा हा इलाज आहे. का लागू पडतो हे सांगणारे थोडे, देणारे पुष्कळ.

का, ते सांगायचं तर कंपाइल होणं म्हणजे नेमकं काय, इथवर यावं लागतं. त्यासाठी पुन्हा आण्यालाच जाऊ.

हिवाळ्यात आण्याला रंगदास स्वामींची यात्रा भरते. तिथला महाप्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी गावात मोठमोठ्या कढयांमध्ये शिजते, भाकऱ्या मात्र घराघरांतून, आसपासच्या गावांतून थापून येतात. प्रोग्रामही असाच बनतो. कोडची प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे, आपल्या चुलीवर भाजली जाते. हे कंपाइल करणं. मग सगळ्या भाजलेल्या फाइली आणि बाहेरून आलेल्या लायब्रऱ्या एका पंगतीत आणल्या जातात; हे लिंक करणं. आणि प्रोग्राम चालवला जातो तो खरा जेवायचा क्षण.

हेडर फाइल म्हणजे निरोप: 'अमुक गावाहून अमुक इतक्या भाकऱ्या येणार आहेत.' त्या निरोपावर भरवसा ठेवून कंपायलर पुढचं काम करतो. निरोपच मिळाला नाही तर तो तिथेच थांबतो आणि म्हणतो, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. निरोप मिळाला, पण ऐनवेळी भाकऱ्यांची पाटी आलीच नाही, तर तक्रार लिंकर करतो: अनडिफाइन्ड रेफरन्स. आणि सगळं जुळून प्रोग्राम तयार झाला, पण चालवताना लायब्ररी जागेवर नाही, तर एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज. पानं मांडली, माणसं बसली आणि पाटी कोठाराकडची वाट चुकली. वरवर तिन्ही तक्रारी 'लायब्ररी मिळत नाही' अशाच ऐकू येतात, पण तिघींचे इलाज वेगळे. पहिलीला डेबियन-उबुंटूवर नावाच्या शेवटी 'डेव्ह' आणि फेडोरा-रेडहॅटवर 'डेव्हल' असलेलं पॅकेज लागतं, कारण निरोप त्यातच असतो. साध्या पॅकेजात नुसत्या भाकऱ्या. दुसरीला लिंकच्या आज्ञेत लायब्ररीचं नाव जोडावं लागतं. तिसरीला एलडीकॉन्फिग चालवून कोठाराची यादी ताजी करावी लागते, किंवा जागा सांगावी लागते. विद्यार्थी सहसा पहिल्या दुखण्यावर तिसरं औषध घेतो आणि गुण येत नाही म्हणून सगळं लिनक्सच पुन्हा टाकतो.

पीजीप्लॉटच्या गोष्टीत हे सगळं सुरू होण्याआधीच घोटाळा होता. निरोप कोणत्या देवळीत ठेवलाय ते मेकफाइलमध्ये चुकीचं लिहिलेलं होतं. कंपायलरला विचारलं असतं तर त्याने बरोबर शोधून काढला असता. चुकीचा पत्ता पुसला की कंपायलर आपल्या नेहमीच्या जागी जातो आणि निरोप मिळतो.

पंगतीची उपमा आणखी एका ठिकाणी कामाला येते. साध्या, अचल लायब्रऱ्या जोडताना लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच फिरतो. मंडळी बसायच्या आधीच भाकरीची पाटी फिरवून नेली, तर कुणी घेतच नाही. नंतर मंडळी बसतात आणि भाकरी मागत राहतात. म्हणून लायब्ररीचं नाव, ती मागणाऱ्या फाइलच्या नंतर यायला हवं. डॅश-एल-एम, म्हणजे गणिताची लायब्ररी, आज्ञेच्या सुरुवातीला लिहून ती सापडत नाही म्हणून रडणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत जुनीजाणती मंडळीही असतात.

एवढं करूनही पीजीप्लॉट कधीकधी अर्धवट चालतं. आलेख उमटतो, अक्षांवर अक्षरं नसतात. तिची अक्षरं एका वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ती कुठे आहे ते पर्यावरण-चलातून, पीजीप्लॉट-डीआयआर या नावाने, सांगावं लागतं. हा एरर कंपाइलच्या वेळचा नव्हे. पण मुलाला तेवढा भेद करायची ताकद उरलेली नसते.

दुसरा मोठा फरक काळाचा. खगोलशास्त्रातला कोड माणसांपेक्षा जास्त टिकतो आणि कंपायलर तेवढा थांबत नाही. फोरट्रानसाठी जीसीसीसोबत पूर्वी जी७७ यायचा; २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्याची जागा जीफोरट्रानने घेतली आणि जुन्या मेकफाइलींमधलं कंपायलरचं नाव रातोरात मयताचं नाव झालं. मे २०२० मध्ये दहावी आवृत्ती आली. एकच प्रक्रिया एका ठिकाणी एका प्रकारच्या आकड्यांनी आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांनी बोलावली, तर तोवर नुसतं कुरकुरणारा जीफोरट्रान आता थेट अडवू लागला. त्याच आवृत्तीत सी-च्या कोडमध्ये एकच जागतिक चल दोन फाइलींत मोघमपणे जाहीर केलेलं असलं तर 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून लिंकर हटून बसू लागला. वर्षानुवर्षं दोन्हींना तो एकच समजून गप्प राहत असे. मे २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीने, आधी न जाहीर केलेली फंक्शनं वापरायला बंदी केली. २०२५ च्या पंधराव्या आवृत्तीत काही न सांगता सी-चं ताजं मानक धरलं जाऊ लागलं आणि 'बूल' हा शब्द राखीव झाला. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी हौसेने आपला स्वतःचा 'बूल' बनवला होता त्यांची पंचाईत झाली.

या प्रत्येकावर तात्पुरता उतारा आहे. आर्ग्युमेंट मिसमॅच चालू दे, कॉमन चालू दे, जुनं मानक धर, असे झेंडे कंपायलरला दाखवता येतात. मात्र झेंडा लावल्यावर कोड सुधारला असं समजू नये. नव्या कंपायलरने दाखवलेल्या विसंगतींपैकी काही खऱ्या चुका असतात, आणि आकड्यांच्या कामात अशी चूक पडद्यावर न दिसता निकालात उतरते. उलट दिशेचाही त्रास आहे: ग्राफिक्स प्रोसेसरसाठी एनव्हिडियाचं कूडा वापरणाऱ्यांना, जीसीसीची ही आवृत्ती फार नवी आहे, चालणार नाही, असं स्पष्ट ऐकवलं जातं. एकाच यंत्रावर एक जण नव्यासाठी रडतो, दुसरा जुन्यासाठी. त्यात कुणी कोंडा हा पॅकेज-व्यवस्थापक बसवलेला असला, तर त्याच्या पोटातली वेगळी लायब्ररी यंत्रणेच्या लायब्ररीआधी पुढे येते आणि कोण कुणाशी जोडलं गेलं याचा पत्ता लागत नाही. मॅकवर जीसीसी असं टाइप केलं तरी हजर होतो तो क्लँग हा वेगळाच कंपायलर, दुसऱ्याच्या नावाने.

काही एरर या मातीतले आहेत. परदेशी पुस्तकांत त्यांना अर्धी ओळ मिळते. भारनियमनाच्या गावात कंपाइल चालू असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेली किंवा रिकामी ऑब्जेक्ट फाइल मागे राहते. वीज आल्यावर मेक तारीख पाहतं, फाइल ताजी आहे असं ठरवतं आणि तिला हात लावत नाही. लिंकर मात्र म्हणतो, फाइल ट्रंकेटेड. इथे कोड वाचत बसण्यात अर्थ नाही. मेक क्लीन करून पुन्हा सुरुवात करावी. तसंच घड्याळाचं. मेकचा सगळा संसार फाइलींच्या वेळांवर चालतो. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली की यंत्र प्रत्येक वेळी वीसेक वर्षं मागे जाऊन उठतं, कालच्या फाइली त्याला भविष्यातल्या वाटतात आणि 'क्लॉक स्क्यू' अशी सूचना येते. पल्सारची वेळ मायक्रोसेकंदांत मोजायला बसलेल्याचं घड्याळ बॅटरीसाठी अडावं, हा विनोद त्या क्षणी कुणाला सुचत नाही.

पेनड्राइव्हवरून विंडोजमार्गे आलेल्या स्क्रिप्टची तऱ्हा आणखी निराळी. पहिल्याच ओळीच्या शेवटी विंडोजच्या पद्धतीचं एक अदृश्य चिन्ह चिकटलेलं असतं. यंत्र त्या चिन्हासकट नाव असलेला शेल शोधतं, आणि अर्थातच तो नसतो. पडद्यावर येतं: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. मुलगा एलएस मारून पाहतो, फाइल समोर आहे. या पुस्तकातल्या सगळ्या एररांत हा सर्वांत खोडसाळ, कारण तो खरं बोलतो पण दुसऱ्याच फाइलबद्दल. डॉस-टू-युनिक्स नावाचा छोटा प्रोग्राम ते चिन्ह झाडून काढतो.

मेसेजमधून पाठवलेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांची नक्षीदार होतात आणि जीसीसी 'स्ट्रे' अक्षर म्हणून एक आकडा फेकतो. फोल्डरला 'प्रोजेक्ट फायनल' असं मधे जागा सोडून नाव दिलं, तर मेक त्याला दोन नावं समजतं. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या आधी टॅबच हवा; आठ स्पेस चालत नाहीत, दिसायला सारख्या असल्या तरी. हा नियम स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये मेक लिहिताना घातला. त्याला लवकरच तो खटकला, पण तोवर दहा-बारा लोक ते वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडायची नाही म्हणून तसाच ठेवला. त्या दहा-बारा जणांच्या सोयीसाठी जग अजून 'मिसिंग सेपरेटर' सोसतंय. गंमत म्हणजे आपल्या लिपीचं वावडं मात्र आता उरलेलं नाही. जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीपासून चलाचं नाव सरळ 'वेग' किंवा 'अंतर' असं देवनागरीत लिहिता येतं.

एरर वाचायची रीत मराठीत शिकवणारं फारसं काही नाही, पण अगदीच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात उबुंटूवर जीसीसी वापरून सी शिकवणारे धडे मराठी आवाजात आहेत. त्यांची एक गोष्ट वाखाणण्याजोगी: धड्यात मुद्दाम अर्धविराम गाळून दाखवतात, येणारा एरर वाचतात आणि मग दुरुस्त करतात. चूक होणारच, हे धड्यातच धरलेलं. त्याच संस्थेत उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने या कंपायलरचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. पुण्याच्या केपीआयटीने रेनेसासच्या चिपांसाठी जीसीसीवर आधारलेली साधनं बांधून जगभर मोफत दिली. हे काम इथे चालतं. त्याबद्दल बोलायचं मात्र इंग्रजीत, असा आपला रिवाज.

वाचायची रीत साधी आहे, फक्त घाईला सोसत नाही. खालून वर जायचं आणि पहिला एरर शोधायचा. शेवटची 'एरर २' ही ओळ मेकची असते. खालच्याने हात टेकले, म्हणून मीही टेकतो, एवढाच तिचा अर्थ. मधले पन्नास एरर पुष्कळदा पहिल्याची पिल्लं असतात. अनेक कामं एकदम चालवली असतील तर ओळी एकमेकींत मिसळतात, म्हणून एका वेळी एकच काम देऊन पुन्हा चालवायचं आणि सगळं बोलणं एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. चार जीबीच्या लॅपटॉपवर असंही होतं की एरर येतच नाही, नुसतं 'किल्ड'. मेमरी संपली आणि गाभ्याने कंपायलरला उचलून बाहेर टाकलं. त्यालाही औषध एकेक काम देणं हेच. कॉन्फिगर अडलं तर कॉन्फिग-डॉट-लॉग उघडायचा, पण त्याच्या तळाशी नुसत्या चलांची यादी असते. खरं रडगाणं त्याच्या वर, मधल्या भागात सापडतं.

आणि काय करू नये, तेही आत्ताच सांगितलेलं बरं. सहा नंबरच्या लायब्ररीला पाच नंबरची पाटी लावून जोडणारी लिंक बनवणं हा कुठेही वाचायला मिळणारा उपाय आहे. तो चालतो, आणि मग एके दिवशी प्रोग्राम काही न सांगता कोसळतो किंवा, त्याहून वाईट, चुकीचा आकडा देतो. सुडो लावून दिसेल ती आज्ञा चिकटवणं हा त्याचाच मोठा भाऊ. घरात पाल दिसली म्हणून भिंत पाडायची नसते.

पुढची प्रकरणं एररांच्या वर्णानुक्रमाने लावलेली नाहीत. ती निरोप, भाजणं, पंगत आणि जेवण या क्रमाने जातात, आणि काळामुळे उद्भवणाऱ्या भांडणांना वेगळी जागा दिली आहे. ज्याला घाई आहे त्याने आपला एरर कोणत्या टप्प्यावर आला एवढं ठरवून सरळ तिथे जावं.

तो एमएस्सीचा विद्यार्थी एव्हाना शेवटच्या टप्प्यावर आला असेल. पीजीप्लॉटचा नमुना प्रोग्राम चालला, काळी खिडकी उघडली, आलेख आला, अक्षरंही आली. त्याने वही काढून लिहिलं: उबुंटूची आवृत्ती, जीसीसीची आवृत्ती, एफएफटीडब्ल्यू फ्लोटसकट, पीएनजीची ओळ मेकफाइलमधून काढली, पीजीप्लॉट-डीआयआरची ओळ बॅशआरसीत टाकली. तारीख घातली. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीसाठी वही प्रयोगशाळेच्या टेबलावर, संगणकाशेजारी ठेवली, आणि खोडदहून आणलेली डेटाची हार्डडिस्क पहिल्यांदा लॅपटॉपला लावली.